मामंजींच्या जीपचा लाल दिवा

माझे सासरे ठार बहिरे होते आणि ते जीप चालवायचे. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, अहो, पण कसं शक्य आहे? लग्न होऊन आले तेव्हा मलाही तेच विचारायचं होतं. पण नव्या सुनेनं असलं काही विचारायची पद्धत नव्हती, म्हणून गप्प बसले.

माझं माहेर अंबरनाथचं. वडील कारखान्यात विजेच्या खात्यात होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. रविवारी वडील लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसायचे. माझा हात थरथरत नसे, म्हणून कथील वितळवून तारांना जोड द्यायचं काम माझ्याकडे असायचं. मॅट्रिक झाले आणि मला बदलापूरच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात दिलं. घर भातशेतीवालं, खाऊनपिऊन सुखी. गावात वीज मात्र नव्हती. नवरा सायकलनं स्टेशन गाठून अंबरनाथला कामावर जायचा. शिकलेली सून म्हणून माझं कौतुक होतं, पण ते लांबूनच. सासऱ्यांसमोर डोईवरून पदर, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, सांगायचं ते सासूबाईंना. सासूबाई ते त्यांच्या कानाशी ओरडणार आणि मामंजी मान डोलावून भलतंच काहीतरी करणार. मी बोलायचं नाही आणि त्यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे आमच्यात भांडणाला जागाच नव्हती.

जीप लढाईतली होती. लढाई संपली, कल्याणजवळची मिलिटरीची छावणी उठली, तिथल्या गाड्या लिलावात निघाल्या. मामंजींनी तोवर बैलगाडीपलीकडे काही हाकलं नव्हतं, तरी ते एक जीप घेऊनच घरी आले. पुढे त्याच छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि तिचं उल्हासनगर झालं, तरी आम्ही सगळे त्याला कॅम्पच म्हणायचो. मामंजींचे कान गेले ते त्यानंतर, एका तापात. ताप उतरला, पण जाताना ऐकणं घेऊन गेला. ओटीवर माणसं यायची, सासूबाईंशी बोलायची, माझ्या नवऱ्याशी बोलायची, आणि मामंजी कडेला सुपारी कातरत बसलेले असायचे. त्यांच्याकडे कुणी बघायचंही नाही. पण बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की तीच माणसं त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहायची. नदीच्या उतारातून आणि शेताच्या बांधांवरून दुसरं काही जातच नव्हतं. त्या चाकामागे बसले की मामंजींची पाठ ताठ व्हायची.

ते गाडी कशी चालवतात हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते महाशिवरात्रीला, अंबरनाथच्या शिवमंदिरात जाताना. मी आणि सासूबाई मागे बसलो होतो. जीप अमेरिकेत बनलेली, म्हणून चाक डावीकडे. त्यांचा उजवा तळहात सबंध वेळ गिअरच्या दांड्यावर टेकलेला. समोरच्या लोखंडी फळीवर पाच घड्याळं होती, वेगाचं, पेट्रोलचं, तेलाच्या दाबाचं, पाण्याच्या तापाचं आणि विजेचं. मामंजींची नजर वाटेवरून या काट्यांवर आणि काट्यांवरून वाटेवर अशी सारखी फिरत होती. चढ लागला की ते तेलाचा काटा बघायचे. तो जरा कलला की पाय उचलायचे. इंजिन कुरकुरायला लागलंय हे मला कानांनी कळायच्या आधी त्यांना डोळ्यांनी कळत होतं. बहिरा माणूस अंदाजानं चालवत असेल अशी माझी समजूत होती. हा माणूस तर गाडी पोथीसारखी वाचत होता. मी थक्क झाले. देवळात गेल्यावर इतक्या जुन्या दगडी कोरीवकामाकडेही माझं लक्ष जाईना.

आता घोटाळा सांगते, जो फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. मामंजी शंकराचे भक्त. दर सोमवारी आंघोळ करून देवाला अभिषेक आणि मग जीपला अभिषेक. बॉनेटवर तांब्या ओतला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांच्या मते गाडीचं तोंड म्हणजे ती काट्यांची फळी, आणि नैवेद्य तोंडालाच दाखवायचा असतो. म्हणून पळी पळी पंचामृत फळीच्या वरच्या कडेवर. दूध, दही, तूप, मध, साखर. वर एक बेलाचं पान फटीत खोचायचं. फळीच्या मागच्या बाजूला वायरींचा जुडगा होता, आणि त्या काळच्या वायरींना सुताचं वेष्टन असायचं. ते सूत दर सोमवारी हा प्रसाद पीत होतं. आधी मुंग्या आल्या, मग पेंढ्यातले उंदीर. पावसाळा संपल्यावर एका सकाळी मामंजींनी स्विच फिरवला आणि फळीमागून धूर निघाला. सासूबाईंनी त्याला हात जोडले, कारण त्यांना आधी तो धूप वाटला. नवऱ्यानं धावत जाऊन बॅटरीची तार उपटली म्हणून गाडी वाचली. फळीमागचं सगळं मात्र जळून काळं झालं.

"आये, झाला ता बरा झाला," नवरा म्हणाला. "कॅम्प चारमधला सिंधी शेठ गारी घ्यायला तयार हाय. हाय तशी."

नवरा वाईट नव्हता, तो घाबरलेला होता. बदलापूर आणि अंबरनाथच्या मध्ये एक गाडीवाट रूळ ओलांडायची. तिथे फाटक नव्हतं आणि दोन्ही बाजूंना उंच गवत होतं. मागच्या हिवाळ्यात तो वडिलांच्या शेजारी बसला होता, आगगाडी भोंगा वाजवत येत होती आणि मामंजी सरळ रुळावर चालले होते. त्यानं ब्रेकवर स्वतःचा पाय मारला म्हणून दोघं वाचले. तेव्हापासून त्याला गाडी नको होती. त्यानं वडिलांना ते हातांनी सांगितलं. जीपकडे बोट, मग कॅम्पच्या दिशेला बोट, मग दोन्ही तळहात झटकले. मामंजींना कळलं. ते जेवायला आले नाहीत. जाऊन जीपमध्ये बसले आणि त्या जळक्या फळीकडे बघत राहिले. काटे सगळे शून्यावर पडलेले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. गाडी गेली की हा माणूस कायमचा ओटीच्या कडेला जाणार, हे मला चुलीपुढून दिसत होतं आणि ते मला बघवत नव्हतं.

नवऱ्याला म्हटलं, "विकायची तर चालती करून विका. बैल जुंपून ओढत न्यायची का कॅम्पात? लोक काय म्हणतील?"

"आनि चालती कोन करनार? तू?"

"मीच," म्हटलं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

माहेरी गेले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला घेऊन उल्हासनगरला आले, त्याच शेठकडे, कारण लष्करी गाड्यांचे सुटे भाग त्याच्याशिवाय कुणाकडे नव्हते. बराकीच्या एका खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत स्टिअरिंग, चाकांचे आस, दिवे यांचा ढीग. कुठल्या गाडीसाठी वायर हवी हे कळल्यावर शेठ म्हणाला, "अरे साईं, ती गाडी तर मीच घेणार आहे. बेटी दुरुस्त करून देते तर मेरा ही फायदा." आणि त्यानं मोडक्या जीपमधल्या वायरींचा एक जुडगा, न कुरतडलेला, माझ्यापुढे ठेवला. वर चहा पाजला. निघताना मी ढिगातला एक छोटा दिवा उचलला, लाल काचेचा. कशाला तो, असं वडिलांनी विचारलं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

गावी परतल्यावर मी पहिल्यांदा ती फळी खोलली आणि पाठीवर पडून आत पाहिलं. पुढून पाच साधी घड्याळं, आणि मागून हे एवढं जाळं. जळलेलं, चिकट, उंदरांच्या लेंड्यांनी भरलेलं, तरी त्यातली एक वायरसुद्धा उगाच नव्हती. कुणीतरी समुद्रापलीकडे बसून ठरवलं होतं की ही इथून वळेल आणि ती तिच्या खालून जाईल. तेल आणि पाण्याचे काटे विजेवर नव्हतेच, ते बारीक तांब्याच्या नळ्यांवर चालत होते, वेगाचा काटा चाकांकडून येणाऱ्या फिरत्या तारेवर, आणि ते सगळं शाबूत होतं. बाकी प्रत्येकाला जायला एक वायर होती आणि यायला एकही नव्हती, कारण वीज परत यायची ती गाडीच्या अंगातूनच. सबंध लोखंडी गाडी म्हणजे परतीची वाट. हे मला वडिलांनी शिकवलेलं होतं, पण शिकणं वेगळं आणि ते असं नाकासमोर दिसणं वेगळं. मी कितीतरी वेळ काहीच केलं नाही, नुसती बघत राहिले.

मग प्रश्न आला की हे सगळं लक्षात कसं ठेवायचं. कागदावर काढलं असतं तर मामंजींना त्यातलं काय कळणार, आणि गाडी तर त्यांची. म्हणून मी खळ्यात शेण सारवलं आणि रांगोळी घेतली. सबंध जीप होती तेवढ्याच मापाची काढली. घड्याळाच्या जागी गोल, स्विचच्या जागी ठिपका, आणि एकेक वायर बोटानं चाचपत जाऊन तिची रेघ. दुपारपर्यंत खळं भरलं. शेजारच्या बायका येऊन म्हणाल्या, हा कुठला सण? मामंजी लांबून बघत होते. मग ते आले, रांगोळीच्या कडेकडेनं फिरले आणि एका गोलापाशी थांबले. पेट्रोलचा काटा. तिथून त्यांनी रेघेवरून नजर नेली, अगदी सीटखालच्या टाकीपर्यंत, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. नंतर ते काठी घेऊन खळ्याच्या तोंडाशी बसले. कोंबडी, कुत्रं, पोर, कुणालाही त्यांनी त्या रांगोळीवर पाय ठेवू दिला नाही.

नव्या वायरी मी त्या रेघांवरच अंथरल्या. जिथे दोन रेघा मिळतात तिथे जोड. तांब्याचा डागणा चुलीतल्या निखाऱ्यात तापवायचा, पळत खळ्यात न्यायचा आणि गार व्हायच्या आत कथील लावायचं. पळायचं काम मामंजींनी आपणहून उचललं. डागणा किती लाल झाला की काढायचा हे त्यांना एकदा दाखवलं, पुन्हा दाखवावं लागलं नाही. सगळे जोड झाल्यावर मी सबंध जुडगा मेणाच्या दोऱ्यानं वेणीसारखा गुंफला. हे मात्र मला रेडिओनं शिकवलेलं नव्हतं, आईनं गजरे करताना शिकवलं होतं.

एक वायर उरली. युद्धात वरून विमानांना दिसू नये म्हणून झाकलेल्या दिव्यावर गाडी चालवायचे, त्याला जाणारी ती वायर. आता तिला काही काम नव्हतं. मी शेठकडचा लाल दिवा काढला आणि वेगाच्या घड्याळाच्या वर, मामंजींची नजर हमखास जाते तिथे बसवला. दुसरं टोक उजवीकडच्या सीटपाशी आणून त्याला दारावरच्या घंटीचं बटण जोडलं, माहेराहून आणलेलं. ते मी मामंजींना शब्दांनी समजावू शकत नव्हते. मी त्यांना चाकामागे बसायची खूण केली, स्वतः उजवीकडे उभी राहिले, त्यांना दिसतील असे गाल फुगवून मोटारीच्या हॉर्नसारखा आवाज काढला आणि बटण दाबलं. दिवा लागला. आवाज थांबवला, बोट काढलं, दिवा विझला. पुन्हा केलं. मामंजी त्या दिव्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे. त्यांनी हात पुढे करून त्या लाल काचेला बोट लावलं, जसं पिंडीला लावतात. सासूबाई म्हणाल्या, "दिवा हाय, पन वात कुठं हाय?" आणि त्याही तिथेच बसून राहिल्या.

गाडी द्यायचा दिवस आला. मामंजी म्हणाले, "मीच नेन." त्यांच्या आवाजाला चढउतार राहिला नव्हता, पण त्यात वाद घालायला जागाही नव्हती. डावीकडून चालवणाऱ्याला उजवीकडचं दिसत नाही, तिथे कुणीतरी बसावंच लागायचं. नवरा बसायला निघाला. मी म्हटलं, "मी बसते. बटण माझ्या हाताचं आहे." सून सासऱ्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्यानं मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी उजवीकडची सीट पंच्यानं पुसली. नवरा मुकाट्यानं मागे चढला.

बदलापूर गेलं. मागून एक लॉरी हॉर्न वाजवत आली, मी बटण दाबलं, मामंजींनी गाडी कडेला घेतली आणि लॉरीवाल्याला हात केला. वळणावर सायकलवाला घंटी वाजवत होता, पुन्हा दिवा, पुन्हा गाडी हळू. मग ते गवत आलं आणि रुळांवरून जाणारी ती गाडीवाट. मला ऐकू आलं तेव्हा आगगाडी अजून दिसत नव्हती, नुसता भोंगा होता, गवताच्या पलीकडून. मी बटणावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. मामंजींची नजर वाटेवर होती, ती फळीवर आली, आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. आमच्यापुढून आगगाडी धाडधाड गेली. वाऱ्यानं माझा पदर खांद्यावर आला. मी मागे वळून पाहिलं तर नवरा अर्धा उठलेला, वडिलांच्या खांद्याकडे हात नेलेला, आणि तो हात तसाच हवेत. तो परत खाली बसला. मामंजी काट्यांकडे बघत शांत बसले होते. इंजिन चालू आहे का, तेवढं ते बघत होते.

अंबरनाथ आलं. उल्हासनगरकडे वळायच्या जागी नवऱ्यानं मागून वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. मामंजी वळून बघू लागले. नवऱ्यानं आलो त्या वाटेकडे बोट दाखवलं, घराकडे. मामंजींना कळेना, का त्यांना खरं वाटेना, कोण जाणे. त्यांनी कॅम्पकडे बोट केलं. नवऱ्यानं नकाराची मान हलवली आणि पुन्हा घराकडे दाखवलं, आणि मग तोंड दुसरीकडे फिरवलं. शेठला काय सांगायचं ते तो दुसऱ्या दिवशी सांगून आला. त्या दिवशी मामंजींनी गाडी वळवली. वळवताना त्यांनी एकदाही काट्यांकडे पाहिलं नाही, हे मी शेजारी होते म्हणून मला दिसलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत.

परतताना ते रूळ पुन्हा ओलांडले, बदलापूर मागे पडलं. नदीच्या उताराकडे जाणारी वाट मोकळी होती. मागून कुणी नाही, पुढून कुणी नाही. नवरा मागे डुलक्या घेत होता. माझं बोट अजून बटणावरच होतं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी ते दाबलं. उगाच. लग्न झाल्यापासून या माणसाशी मी एक शब्द बोलले नव्हते, आणि आता माझ्या हाताशी बोलायला काहीतरी होतं.

मामंजींनी करकचून गाडी थांबवली. पुढे पाहिलं, मागे पाहिलं, उजवीकडे, डावीकडे. काही नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पदर खांद्यावरच होता, तो मी डोईवर घेतला नाही. कान गेल्यापासून त्यांनी कुणाला काही विचारणंच सोडून दिलं होतं, हे मला सासूबाईंनी फार पुढे सांगितलं. विचारून काय करायचं, उत्तर तर ऐकू यायचं नाही.

मामंजी माझ्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "काय बोलतंस गो पोरी?"